भरलेली पेटारी

त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. डॉक्टरसाहेब, भाऊ, भाऊची बायको सुमन, त्यायची पोरगी वंदना अन् मी. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची खोली. डॉक्टरसाहेबानं कागदावर काळीज काढलं, त्याच्यावर एक नस काढली अन् नसेवर फुली मारली. "इथे बंद आहे," म्हणे. भाऊनं सारं आयकून घेतलं. मंग टेबलावरून आपला हात पुढे केला.

"पयले हात पाहू द्या जी."

डॉक्टरसाहेबाले वाटलं, नाडी दाखवून राह्यला. त्यायनं भाऊचं मनगट धरलं.

"माहा नाई जी. तुमचा."

वंदना शरमेनं लाल झाली. "बाबा, हे काय करून राह्यले तुमी?" सुमननं पदर तोंडाले लावला. मी मातर खाली पाहून हासली. मले माहीत होतं, हे होनच.

भाऊचं नाव मी सांगत नाई. तसंही त्याले गावात कोणी नावानं बोलवत नोतं. बांबूचं काम करे. सूप, टोपले, धान साठवाच्या ढोल्या. आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, साऱ्याईच्या घरी धान, मंग भाऊबिगर कोणाचं चालन? पण त्याची एक रीत होती. सूप पाहिजे म्हटलं का तो पयले म्हणे, "हात पाहू दे." बाईचा हात उलटा करे, सुलटा करे, कोपरापासून बोटाच्या शेंड्यापर्यंत कामटीनं, म्हंजे बांबूच्या चिरलेल्या पट्टीनं, मोजे अन् त्या कामटीले तिथंच खूण करे. म्हणे, "सूप बाईच्या हाताचं असते. दुसरीच्या हाताचं घेतलं तं कोंडा घरात अन् दाणे आंगणात."

एकदा गावच्या मोठ्या घरची नवी सून आली सूप सांगाले. पाची बोटात आंगठ्या. भाऊ म्हणे, "आंगठ्या काढून ठेव बाई." सून म्हणे, "काऊन? सूप तं तुमी करान." भाऊ म्हणे, "मी करन, पण पाखडाचं तुले हाये. आंगठीवाला हात सूप धरत नाई, सूप आंगठीले धरते." पोरीनं मुकाट्यानं आंगठ्या काढल्या. त्या घरी ते सूप अजून हाये.

माह्या हाताचं सूप त्यानं न सांगता केलं होतं. माहा नवरा धान रोवण्याच्या दिवसात तापानं गेला. तीन लेकरं, लहानी तं मांडीवरची. लोक आले, रडले, गेले. दहा-बारा दिवसानं भाऊ आला. बसला नाई, पाणी पेला नाई. उभ्यानं म्हणे, "हात दे इकडे." मोजला अन् चालला गेला. आठ दिवसानं सूप घेऊन आला. "तुह्या हाताचं हाये. रडणं झालं का धान पाखडाले घे." बस, इतकंच. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तं मले राग आला असता. त्याचा नाई आला. मी उठली अन् धान पाखडाले बसली.

तवापासून भाऊ टोपले करे अन् मी बाजारात इके. बाकीचे दिवस धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात. बाजाराच्या दिवशी त्याचे टोपले एकात एक घालून डोक्यावर, अन् जीपमध्ये मागच्या दांडीले लटकून ब्रह्मपुरी. असे वीस-बावीस वर्षं गेले. लेकरं मोठे झाले. मले त्याचं दुख काई वाटत नाई, सांगतो एवढंच, का त्या मानसाले मी जवळून पाह्यलं.

आता बांबू चिराची त्याची रीत आयका, नाई तं पुढचं समजाचं नाई. बांबूचं एक टोक पायाच्या आंगठ्यात धरे. दुसरं टोक छातीच्या मधातल्या हाडावर टेकवे. अन् कोयता घालून आपल्या आंगाकडे ओढत आणे. बांबू असा फाटे, जसा जुना कपडा फाटते. त्या जागी त्याच्या छातीवर घट्टा पडला होता, बैलाच्या खांद्यावर पडते तसा. आम्ही म्हणो, "भाऊ, कोयता घसरला तं?" तो म्हणे, "हात माहा हाये, घसरन कसा?"

मंग त्याची छाती दुखाले लागली. चार कामट्या झाल्या का हात ठेवून बसे. डेपोतून बांबू आणता आणता रस्त्यात दोनदा बसे. पयल्या दवाखान्यात सांगतलं का नस बंद हाये, आपरेशन करा लागते, छाती मधातून उघडा लागते, अन् मंग तीन महिने ओढणं नाई, उचलणं नाई. भाऊ तिथून उठून घरी आला.

मी विचारलं, "काऊन आले?"

"मधातलं हाड कापतो म्हणते बाई. हाड कापलं तं बांबू कशावर टेकवू?"

"जीव राह्यला तं टेकवाचं पाह्यजान ना."

"टेकवता येत नाई तं जीव ठेवून काय करू? सुमनच्या मागं मागं फिरू?"

सुमन चुलीपाशी होती. तिथूनच म्हणे, "फिरा ना. चाळीस वर्षं मी फिरली तं काय झिजली?"

तो हासला. पण गेला नाई दवाखान्यात. पुरे चार महिने गेला नाई. वंदना भद्रावतीले दिली हाये. ते तिथून रोज फोन करे, रडे. शेवटी तिनंच हा नागपूरचा डॉक्टर शोधला. तिले कोणी तरी सांगतलं होतं का हा मधातलं हाड न कापता करते. खर्चाचं तिनं कसं जमवलं ते तिचं तिले माहीत. सुमन मले म्हणे, "बाई तू चाल, मले त्या लोकायचं बोलणं समजत नाई." जशी काई मले समजते. मी चौथी शिकलेली. पण गेली.

तं त्या खोलीत डॉक्टरसाहेबानं खरंच हात पुढे केला. भाऊनं उलटा केला, सुलटा केला, बोटं वाकवून पाह्यले. मऊ हात, कापसासारखा. भाऊचं तोंड उतरलं.

"या हातानं काई चिरलेलं दिसत नाई जी."

वंदनानं डोळे मिटून घेतले. पण डॉक्टरसाहेब मोठ्यानं हासले. म्हणे, "हातमोजे घालतो ना, म्हणून." मंग खुर्ची पुढे घेऊन बसले अन् नीट सांगतलं. म्हणे, डाव्या बाजूनं, बरगड्याच्या मधातून, लहान लहान तीन छेद. त्यातून रोबोटचे बारीक हात आत जाणार. छातीच्या आतल्या भिंतीले एक चांगली नस असते, ती ते हात सोडवून घेणार. मंग बरगडीच्या खालून बोटभर काप देऊन, ती नस बंद जागेच्या पुढे जोडाची. तो जोड डॉक्टरसाहेब आपल्या हातानं टाकणार. मधातलं हाड तसंच राहते. काळीज बंद कराची गरज नाई, चालतंच राहते. अन् हेही सांगतलं का आत काई अडचण आली, तं छाती पुरी उघडा लागू शकते, ते आधीच कबूल करा.

भाऊनं कागदावरच्या त्या फुलीवर बोट ठेवलं. मंग म्हणे, "म्हंजे एक कामटी तुटली, तं बाजूची चांगली कामटी सोडवून आडवी घालाची. टोपला उसवाचा नाई."

"अगदी तसंच."

"अन् टोपला भरलेला. खाली कराचा नाई."

"खाली करायचा नाही."

"आमी पण करतो जी असं. पण त्याले हात लागते." मंग म्हणे, "त्याचाही हात पाहू द्या."

"कोणाचा?"

"त्या रोबोटचा."

मी म्हटलं आता हा मानूस आपल्याले हाकलून देते. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबानं खरंच एक जुना, वापरातून काढलेला हात आणून ठेवला टेबलावर. हातभर लांब, बोरूसारखा बारीक, अन् टोकाले चिमटा. चिमट्याच्या मागं सांधा. डॉक्टरसाहेबानं मागून फिरवलं तं ते टोक इकडे वळे, तिकडे वळे, खाली मान घाले. भाऊनं ते डोळ्यापाशी नेऊन पाह्यलं.

"मनगट हाये याले."

"आहे."

"पण याले चालवते कोण?"

"मीच. बाजूला बसून. माझी बोटं हलली तरच याची हलतात. मी थांबलो की हा थांबतो."

भाऊनं तो हात खाली ठेवला. "मंग हा हात नाई जी. ही लांब कामटी हाये. हात तुमचाच." मंग वंदनाकडे वळून म्हणे, "सही कुठी कराची हाये?"

आपरेशनच्या दिवशी आम्ही तिघी बाकड्यावर बसलो. सुमन आपल्या पदराचे दसे गुंते अन् सोडवे, गुंते अन् सोडवे. वंदना म्हणे, "आई, थांब ना." मी म्हटलं, करू दे तिले. माह्या हातातही कामटी असती तं मीही काई तरी विणलं असतं. दुपार कलली तवा डॉक्टरसाहेब बाहेर आले. टोपीचा वळ कपाळावर पडला होता. म्हणे, "झालं. हाड तसंच आहे."

दुसऱ्या दिवशी आम्हाले आत सोडलं. भाऊच्या नाकात नळी, आवाज निघेना. डॉक्टरसाहेब खाटेपाशी आले अन् आपला हात भाऊपुढे उलटा केला, सुलटा केला. "काय भाऊ? पास की नापास?" भाऊनं त्यायचा आंगठा आपल्या मुठीत धरला अन् तसाच धरून ठेवला. सोडेचना. त्या डॉक्टरले पुढे दुसरे पेशंट होते. पण तो उभा राह्यला.

गावात आलो तं सारं गाव पाहाले आलं. भाऊ शर्ट वर करे. डाव्या बाजूले तीन टिकल्या, अन् बरगडीखाली बोटभर रेघ. बस.

शेजारचा पुंडलिक म्हणे, "एवढंच? बापा, याच्याहून मोठं तं मले बाभळीच्या काट्यानं लागलं होतं."

एक म्हातारी म्हणे, "काळजाचं आपरेशन म्हणते अन् खरचटलंही नाई. फसवलं तुमाले नागपूरवाल्याईनं."

सारे हासले. भाऊही हासला. मीही हासली. आम्ही काऊन हासलो, ते तुमीही समजान. आमच्याइकडे घाव दिसला का दुखणं खरं. लय मोठा टाका दिसला का बाया वाटीभर दूध आणून देते, मानसं वावरातलं काम वाटून घेते. भाऊचा टाका कोणाले दिसलाच नाई. पंधरा दिवस नाई झाले तं लोक म्हणाले लागले, "भाऊ, माह्या ढोलीचं काय?" तरी तो वंदनाच्या धाकानं सांगतलेले दिवस बसला. बसला, पण हात चूप बसत नोते. लहान लहान काम करे.

त्याच दिवसात त्यानं दोन वस्तू केल्या. एक डॉक्टरसाहेबासाठी सूप. मी म्हटलं, "नागपूरचा डॉक्टर काय धान पाखडन?" म्हणे, "न पाखडो. त्याचा हात मी पाह्यला होता, आता माप वाया जाऊ देऊ का?" वंदना नेऊन देऊन आली. सांगे का त्यायनं आपल्या खोलीत खिळ्याले टांगलं.

दुसरी वस्तू पेटारी. गोळ्यासाठी. हाताच्या पंजाएवढी, झाकण असं का वरून पाणी टाकलं तं आत जाचं नाई. आत दोन कप्पे, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. वंदना महिन्याच्या महिन्याले भद्रावतीहून येऊन पेटारी भरून जाये. म्हणे, "बाबा, एक दिवस सोडाची नाई. रक्त पातळ राह्यलं पाहिजे, नाई तं जोड बंद होते." भाऊ मान हालवे.

दोन धान निघाले, दोन वर्षं झाले. भाऊ पयल्यासारखा झाला. बांबू छातीवर टेकवे अन् ओढे. मले पाहून शर्टाच्या बटणावर हात मारे अन् म्हणे, "हाड माहंच हाये बाई." मले पाहून बरं वाटे. मधात वंदनाले बाळ झालं, तिचं येणं कमी झालं. गोळ्या कोणाच्या हातानं पाठवे, एसटीवाल्याजवळ देये. त्या भाऊच आपल्या हातानं पेटारीत टाके.

एक दिवस मी बाजाराचे टोपले घ्याले गेली तं तो सुमनले म्हणून राह्यला होता, "टोपला एकदा सांधला का सांधला. त्याले मी रोज गोळी चारतो का?" सुमन म्हणे, "तुमचं तुमी पाहा." मी हासली. मले वाटलं, हासाचीच गोष्ट हाये.

मंग धान कापणीले आलं. माहं सूप जुनं झालं होतं, काठ सुटला होता. मी नवीन सांगाले गेली. भाऊ घरापुढच्या आपल्या कामाच्या मांडवात बसला होता. हात मोजाले पुढे केला तं म्हणे, "तुहा मोजाची गरज नाई, पाठ हाये मले." बोलता बोलता खुंटीवरची पेटारी काढली. म्हणे, "याचं झाकण पाह्य. दोन पावसाळे झाले, ढिलं नाई पडलं." उघडून माह्यापुढे धरली.

पेटारी भरून होती. दोन्ही कप्पे. पांढऱ्या गोळ्या, लाल गोळ्या, पाकिटासकट, वरपर्यंत, झाकणाले लागे अशी.

आता आमच्याइकडे रीत हाये. कोणाच्या घरी धानाची ढोली भरलेली दिसली, पाण्याचा रांजण भरलेला दिसला, तं पाहणाऱ्यानं तोंडातून चांगलं काढाचं. तसंच पुढे जाचं नाई. माह्या तोंडातून तेच निघालं. मी पेटारीले हात लावला अन् म्हटलं, "भरून राहो."

भाऊनं झाकण लावलं अन् पेटारी खुंटीले अडकवली.

पाचव्या दिवशी, दुपारी, पुंडलिक पळत बांधीवर आला. मी विळा टाकून तशीच गेली. भाऊ मांडवातच होता. बांबूचं एक टोक पायाच्या आंगठ्यात होतं अन् दुसरं छातीवरून खाली घसरलं होतं. कोयता बाजूले, नीट ठेवलेला. त्यानं ठेवला असन मंग. हात घसरला नोता त्याचा. जीप आली, ब्रह्मपुरीले नेलं. तिथल्या डॉक्टरनं पाह्यलं अन् चादर वर ओढली.

वंदना आली. रडून झालं तवा तिची नजर खुंटीकडे गेली. तिनं पेटारी काढली, उघडली, अन् सुमनपुढे पालथी केली. गोळ्यायचे पाकिटं आंगणभर झाले. एकही कापलेलं नोतं. "आई," म्हणे, "तीन महिन्याच्या हायेत या." सुमन खाली बसून एक एक पाकिट येचाले लागली. तिले वाचता येत नाई, तिले वाटलं तो घेते.

वंदनानं नागपूरच्या डॉक्टरसाहेबाले फोन लावला. त्यायनं सारं आयकून घेतलं. मंग म्हणे, "नक्की कशाने झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण गोळ्या बंद करायच्या नव्हत्या." मी वंदनाच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, "साहेब, मी पाह्यली होती पेटारी. पाच दिवस आधी. भरून होती, मी पाह्यली."

ते म्हणे, "तुम्हाला काय माहीत असणार, बाई."

चांगला मानूस हाये, म्हणून त्यायनं तसं म्हटलं. पण मले माहीत होतं. ज्या ढोलीतून रोज काढून खाते ते ढोली खाली होत जाते. चौथी काय, काईच नाई शिकलेल्या बाईलेही एवढं समजते. जन्मभर मी हेच पाह्यलं, ढोली कवा खाली होते अन् नवं धान कवा येते. त्या दिवशी मातर भरलेलं पाह्यलं अन् मन भरलं. विचार केलाच नाई का हे खाली काऊन नाई झालं.

तेराव्यानंतर सुमननं माहं सूप आणून दिलं. झालेलं होतं, काठाचे दोन फेरे राह्यले होते. ते फेरे मी कोणाकडून पुरे नाई केले. तसंच वापरतो. पाखडताना एका बाजूनं दोन-चार दाणे आंगणात पडते, चिमण्या खाते. पेटारीही तिनं मलेच देली, तिच्याच्यानं पाहवत नाई म्हणून. मले आता बीपीच्या गोळ्या हायेत. त्याच्यातच ठेवतो. महिना सरला का तिचं बूड दिसते, त्याची ते बारीक वीण दिसते, अन् मले बरं वाटते.

तुमी ज्याईनं हे वाचलं, त्याईले एकच मागणं हाये. तुमच्या घरात, शेजारी, कोणाचं काळजाचं आपरेशन झालं असन. टाका लहान असन, दिसतही नसन. त्याच्या घरी जा. गोळ्यायची डबी मागून घ्या, उघडून पाहा. भरलेली दिसली तं माह्यासारखं "भरून राहो" म्हणू नका. काऊन भरलेली हाये, ते विचारा. अन् त्यानं पाण्यासंग गोळी घेतल्याबिगर तिथून उठू नका.